भुताचं घर कोणतं?

गेल्या हिवाळ्यात एका फिल्म सोसायटीनं ‘नोस्फेराटू’चा खेळ लावला होता. १९२२ चा जर्मन मूकपट, मुर्नाऊनं दिग्दर्शित केलेला. खेळ संपल्यावर खुर्च्या गोल मांडून चर्चा सुरू झाली आणि पाच मिनिटांत तिचे दोन तट पडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “हा सिनेमा ज्यांनी घरी टीव्हीवर पाहिलाय, त्यांनी तो पाहिलेलाच नाही असं समजा.” मागच्या रांगेतला कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, “मला तर हसूच येत होतं. आता एआय आहे. रंग भरा, हालचाल स्मूथ करा, आवाज टाका, मग कुणीतरी घाबरेल.” दोघांनाही टाळ्या पडल्या. मी काहीच बोलले नाही, आणि कल्याणला परतताना लोकलमध्ये ते न बोलणं मला टोचत राहिलं. तिथं राहून गेलेलं बोलणं इथं लिहिते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुने भयपट, मूकपट घरी पाहणं ही नाइलाजानं केलेली तडजोड नाही. घर ही या चित्रपटांची हक्काची जागा आहे, गेली शंभर वर्षं आहे, आणि त्यातले जे चित्रपट आज आपल्याला बघायला मिळतात त्यांतले कितीतरी घरांमुळेच वाचले आहेत. त्या ज्येष्ठांची आणि त्या मुलाची चूक मला एकच दिसते. चित्रपटात काहीतरी उणं आहे असं दोघांनीही गृहीत धरलंय. एकाला तो घराचा उंबरठा ओलांडला की उणा वाटतो, दुसऱ्याला तो मुळातच उणा वाटतो.

ज्येष्ठांचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात खरं बरंच आहे. ‘नोस्फेराटू’तल्या पिशाचाची, काउंट ऑर्लोकची, सावली जिना चढत जाते, लांब बोटं पसरून दाराकडे सरकते, ते दृश्य मोठ्या पडद्यावर येतं तेव्हा सावली आपल्यापेक्षा उंच असते. माझ्या घरच्या टीव्हीवर ती वीतभर होते. ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी सभागृहात हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला, तेव्हा हान्स एर्डमाननं त्यासाठी रचलेलं संगीत समोर वाद्यवृंद वाजवत होता. तो अनुभव कुठलाही स्पीकर देऊ शकत नाही. भीतीचाही संसर्ग होतो, शेजारच्यानं श्वास रोखला की आपलाही रोखला जातो. घरात मात्र कुकरची शिट्टी आहे, कुरिअरवाला आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हातात फोन आहे. शिवाय सगळेच घरी बसले तर फिल्म सोसायट्या चालवायच्या कोणी? हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, म्हणून मी दर वर्षी वर्गणी भरते आणि जमेल त्या खेळाला जाते.

पण ज्या ‘खऱ्या’ खेळाच्या नावानं घरच्या प्रेक्षकाला बाद ठरवलं जातं, तो खेळ नेमका कसा होता? आजच्या वातानुकूलित सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशा शांततेत आपण मूकपट पाहतो आणि तेच अस्सल समजतो. मूकपटांच्या काळात तशी शांतता नव्हती. आपल्याकडे पडद्याखाली पेटी-तबला वाजायचा, पडद्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचं. जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी इतके लोकप्रिय होते, की त्यांच्या नावावर तिकिटं खपत. आणि चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्याला शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हातातलं एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आले. माझ्याच गावात, कल्याणात, महादेव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा आणि बाजूनं निवेदन. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वीस वर्षं आधी.

आमच्या घरी मूकपट लागतो तेव्हा इंग्रजी पाट्या आईला भराभर वाचता येत नाहीत. मग मी त्या मराठीत मोठ्यानं वाचते. आई मध्येच विचारते, “अगं, हा परत आला की हा दुसरा?” मी सांगते, चित्रपट पुढे सरकतो. एखाद्या सिनेपंडिताला हा अपराध वाटेल. मला वाटतं, १९१३ च्या गिरगावातल्या एखाद्या प्रेक्षकाला आमची बैठक ओळखीची वाटली असती आणि ते शांत सभागृह परकं.

आता मुख्य मुद्दा. १९२२ याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पाथे कंपनीनं ‘पाथे-बेबी’ नावाचा हातानं फिरवायचा छोटा प्रोजेक्टर बाजारात आणला. फिल्म साडेनऊ मिलिमीटर रुंदीची, आणि महत्त्वाचं म्हणजे पेट न घेणारी. पुढच्याच वर्षी कोडॅकची १६ मिलिमीटरची फिल्म आली. थिएटरातल्या ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट फिल्मचा भडका उडायचा, म्हणून ती घरात ठेवणं धोक्याचं होतं. या नव्या फिल्मनं तो धोका संपवला आणि गाजलेल्या चित्रपटांच्या छोट्या प्रती घरोघर जाऊ लागल्या. म्हणजे मूकपट घरी पाहण्याची चाल ओटीटीनं लावलेली नाही. ऑर्लोक पडद्यावर आला त्याच वर्षी त्याला घरात घ्यायचं यंत्रही आलं.

त्या घरगुती प्रतींचं पुढे काय झालं ते फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकी अभिनेता लॉन चेनीचा ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ घ्या. १९२५ मध्ये तो ज्या रूपात प्रदर्शित झाला, ते मूळ रूप आज शिल्लक आहे ते मुख्यतः १६ मिलिमीटरच्या प्रतींमुळे, ज्या युनिव्हर्सल स्टुडिओनं घरी दाखवण्यासाठी काढल्या होत्या. खुद्द युनिव्हर्सलनं १९४८ मध्ये आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह नष्ट करून टाकल्या. चेनीचाच ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या कोठाराला लागलेल्या आगीत गेला, आणि त्याची घरगुती प्रत कुणाकडे सापडलेली नाही. आता त्याची छायाचित्रंच पाहायची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली. जवळपास ११ हजार अमेरिकी मूकपटांपैकी मूळ ३५ मिलिमीटरच्या रूपात पूर्ण उरलेत ते फक्त १४ टक्के. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण ते परदेशी आवृत्त्यांच्या नाहीतर छोट्या फिल्मवरच्या प्रतींच्या रूपात. सुमारे ७० टक्के पुरते गेले.

आणि ज्या भव्य खेळांचे दाखले देऊन घरच्या प्रेक्षकाला हिणवलं जातं, त्यांतला सगळ्यात गाजलेला खेळ कुठून आला? फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सचा मूकपट ‘नेपोलियन’ १९८० मध्ये लंडनला जवळजवळ पाच तास, समोर पूर्ण वाद्यवृंदासह दाखवला गेला. मूकपटांकडे पाहण्याची जगाची नजर त्या खेळानं बदलली. त्याची सुरुवात १९५४ मधली. केविन ब्राउनलो नावाच्या एका इंग्रज शाळकरी मुलाला त्या चित्रपटाची साडेनऊ मिलिमीटरची दोन रिळं मिळाली, त्यानं ती घरी लावून पाहिली आणि उरलेला चित्रपट शोधण्यात पुढची कित्येक वर्षं घातली. घरी पाहणं म्हणजे पाहणंच नव्हे असं त्या मुलाला कुणी पटवून दिलं असतं तर?

आपल्याकडचा हिशेब तर काळीज कापणारा आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. पूर्ण-अपूर्ण, तुकडे धरून उरलेत ते तीसच्या आसपास. कितीतरी फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या, काही सडल्या, काही जळल्या. २००३ च्या जानेवारीत तर पुण्यातच नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली. बाबूराव पेंटरांचा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात व्ही. शांताराम तरुण शेतकरी झाले होते, तो आता कुणालाच पाहता येणार नाही. आणि फाळक्यांचं काय उरलं, कुठं उरलं? राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडे जुळवून ‘कालिया मर्दन’ उभा केला. पुन्हा घरच. त्यात नवल तरी काय, आपला सिनेमा जन्मला तोही दादरच्या एका बिऱ्हाडात, जिथं सरस्वतीबाई अंधारात बसून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडत होत्या.

यावर कुणी म्हणेल, घरानं जपणूक केली हे मान्य, पण जपणं वेगळं आणि अनुभवणं वेगळं. इथं मला गाण्याची आठवण होते. तबकड्या आल्या तेव्हा हाच वाद आपल्याकडे झाला. दीड तासाचा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवायचा, समोर दाद द्यायला रसिक नाही, तंबोऱ्याची आस नाही, मग ते कसलं गाणं? आक्षेप खोटा नव्हता. तबकडी म्हणजे मैफल नव्हे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर आज आपल्या कानात आहे तो त्या तबकड्यांमुळे, आणि त्या ऐकल्या गेल्या घरांत, इराण्याच्या हॉटेलांत, कुणाच्या तरी ओटीवर. भास्करबुवा बखले १९२२ मध्येच गेले. त्यांचं ध्वनिमुद्रण नाही. बालगंधर्वांच्या या गुरूचा आवाज कसा होता, हे वर्णनं वाचून समजून घ्यायचं. त्यांची एखादी तीन मिनिटांची खरखरीत तबकडी मिळाली, तर ‘ही मैफल नव्हे’ म्हणून ती बाजूला ठेवणारा माणूस पुण्यात सापडेल का?

आता त्या मुलाकडे वळते. त्याचं हसू मी गंभीरपणे घेते, कारण त्याला हसू आलं यात त्याचा दोष नाही. त्याच्या पिढीनं हे चित्रपट बहुतेक वेळा वाईट प्रतींत पाहिलेत. मूकपट हातानं कॅमेरा फिरवून घेतलेले असत, सेकंदाला साधारण १६ ते २२ चित्रं. बोलपट आल्यावर २४ ही गती ठरून गेली. सोळानं घेतलेलं दृश्य चोवीसनं चालवलं की सगळं दीडपट वेगानं धावतं. दीड तासाचा चित्रपट तासात संपतो, माणसं बाहुल्यांसारखी तुरुतुरु पळतात, आणि भूतही पळतं. पळणाऱ्या भुताला कोण भिणार?

दुसरी गोष्ट रंगाची. ऑर्लोक आपली शवपेटी काखोटीला मारून गावातून चालत जातो, तो प्रसंग इंटरनेटवरच्या कितीतरी करड्या प्रतींत लख्ख दिवसाउजेडी घडतो. आता याच चित्रपटाचा कणा असा, की सूर्याच्या किरणांनी ऑर्लोक मरतो. पिशाच उन्हानं नष्ट होण्याची कल्पना पडद्यावर इथूनच रूढ झाली. मग तो भर दुपारी गावात हिंडतो कसा? पाहणारा हसणारच. खरी गोष्ट अशी, की त्या काळची फिल्म आणि भिंगं रात्रीच्या अंधारात काम देत नसत. रात्रीचे प्रसंग दिवसा घ्यायचे आणि त्या पट्टीला निळ्या रंगात बुडवायचं, अशी पद्धत होती. रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबीसर. पॅरिसमध्ये जपलेल्या जुन्या रंगीत छटांच्या प्रतीवरून या चित्रपटाचा जीर्णोद्धार झाला, ती आवृत्ती पाहा. तोच प्रसंग, तीच शवपेटी, पण सगळं निळं. गाव झोपलेलं आहे आणि तो एकटा जागा आहे. आता हसून दाखवा.

रंग हवा, गती नीट हवी, ही त्या मुलाची मागणी म्हणजे रास्तच निघाली. दोन्ही गोष्टी मुळातच चित्रपटात होत्या. एआयनं त्या शोधून आणायची गरज नाही. उलट एआय काय करतं ते नीट पाहायला हवं. सेकंदाला १८ चित्रांचा चित्रपट ६० चा केला, की प्रत्येक सेकंदात १८ चित्रं मुर्नाऊची आणि ४२ यंत्रानं कल्पिलेली. ऑर्लोकची बग्गी जंगलातून येते ती मुर्नाऊनं मुद्दाम तुटक, अमानवी वेगानं धावती ठेवली, आणि त्यातला एक तुकडा निगेटिव्हमध्येच दाखवला, झाडं पांढरी, आभाळ काळं. शवपेट्या गाडीवर चढवतानाची ऑर्लोकची हालचाल तशीच झटक्याझटक्याची. हे पाहताना अंगावर काटा येतो तो त्या तुटकपणामुळे. यंत्र तिथं मधल्या जागा भरतं, धक्के काढून टाकतं आणि भीतीसुद्धा काढून टाकतं.

नव्या रूपामुळे नवा प्रेक्षक येतो, हे मी नाकारत नाही. २००४ मध्ये रंगीत ‘मुघल-ए-आझम’ पाहायला पुन्हा रांगा लागल्या. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडरनं ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाला पॉप गाणी जोडली, तेव्हा आधी त्या चित्रपटाच्या वाटेला न गेलेले कितीतरी तरुण तिकडे वळले. करणाऱ्यांनी करावं. फक्त पाहणाऱ्याला सांगावं की ही नवी कलाकृती आहे, आणि मूळ तिच्या शेजारी ठेवावं. ‘दुरुस्त केलेला’ हा शब्द मात्र वापरू नये. चित्रपट मोडलेला नव्हता.

आणि भयपटाबद्दल आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. भुताची गोष्ट ऐकायची आपली जागा कुठली? माजघर, पडवी, वीज गेल्यावरची गॅलरी. मुंजा विहिरीवरच्या पिंपळावर असतो, पण त्याची भीती वाटते ती घरात, पांघरुणाखाली. ‘नोस्फेराटू’तली भीतीही घरातलीच आहे. तो दार ठोठावत नाही, आपल्या समोरचं घर विकत घेतो आणि खिडकीतून बघत राहतो. सभागृहात आपण दुसऱ्याच्या खिडकीकडे पाहतो. घरी पाहताना मला उठून आमची खिडकी लावावीशी वाटली.

२०२० च्या मे महिन्यात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराला कागद चिकटवला होता, आत येऊ नका म्हणून. त्याच आठवड्यात मी आणि आईनं हा चित्रपट पुन्हा लावला. त्यात ऑर्लोकच्या जहाजातून उंदीर उतरतात आणि गावात प्लेग पसरतो. एक माणूस खडू घेऊन ओसाड रस्त्यानं जातो आणि एकेका दारावर फुली मारतो. मग वरच्या खिडकीतून रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावरून एकामागून एक शवपेट्या चाललेल्या. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमची आजी सांगायची, घरात उंदीर पडला की सामान न बघता बाहेर पडायचं. गावाबाहेर झोपड्या बांधून राहायचे सगळे.” १९२२ चा जर्मन प्रेक्षक महायुद्धातून आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून नुकता बाहेर आला होता, त्याला त्या फुल्या कशा दिसल्या असतील ते मला त्या रात्री कळलं. दाराला कागद लागलेल्या इमारतीत बसून कळलं. या चित्रपटासाठी याहून योग्य थिएटर मला सुचत नाही.

घरी पाहायचं म्हणजे कसंही पाहायचं, असं मी म्हणत नाही. दिवे घालवावेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावे, उलटे करून शेजारी ठेवणं पुरत नाही. जीर्णोद्धार केलेली प्रत शोधावी, तिला जोडलेलं संगीत ऐकावं, आवाज बंद करून बघू नये. जेवणं आधी उरकावीत. आणि घराचा जो फायदा आहे तो बिनदिक्कत घ्यावा, म्हणजे थांबवून बघावं. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटातल्या वाकड्या गल्ल्यांत सावल्याही रंगवलेल्या आहेत. नव्या प्रतीत चित्र थांबवलं की नेपथ्याच्या रंगवलेल्या पडद्यांवरचे ब्रशचे फटकारे दिसतात. कवितेची ओळ दोनदा वाचली म्हणून कुणी आपल्याला वाचक नाही असं म्हणत नाही.

‘फँटम’ आम्ही माझ्या भाचीसोबत पाहिला, ती अकरा वर्षांची आहे. फँटम ऑर्गन वाजवत बसलाय, तोंड आपल्याकडे, आणि चित्रपटाची नायिका त्याच्या पाठीमागून हळूहळू मुखवट्याकडे हात नेते. मुखवटा निघतो तेव्हा तो चेहरा तिला दिसत नाही, आधी आपल्याला दिसतो. ती अजून मागेच उभी असते. चेनीनं स्वतः रंगवलेला तो चेहरा, ताणलेल्या नाकपुड्या, उघडं तोंड, आणि मग तो वळतो. भाचीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. फिल्म सोसायटीतल्या त्या मुलाला हे दाखवायची माझी फार इच्छा आहे.

वाद घालायचाच तर तो याचा घालावा, की जे थोडेफार भारतीय मूकपट उरलेत ते घरोघर चांगल्या रूपात कसे पोचतील. आपल्या कायद्यानं चित्रपटाचा हक्क साठ वर्षं टिकतो, म्हणजे आपले सगळे मूकपट आता जनतेचे आहेत. ते योग्य गतीनं, आपल्या वादकांनी वाजवलेल्या संगीतासह, पाट्यांचं मराठी वाचन जोडून कुणालाही विनामूल्य मिळावेत. हे काम सार्वजनिक पैशानं व्हावं, कारण हा ठेवा सार्वजनिक आहे.

‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी, जी पुढे कृष्ण होते, नुसती कॅमेऱ्यासमोर येते आणि एकेक भाव करून दाखवते. हसते, रुसते, रागावते. भाची टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि तिच्यासोबत तसंच तोंड करू लागली. भाव संपले, गोष्ट सुरू झाली, तशी ती वळून म्हणाली, “मावशी, ती परत दाखव ना.”

मी मागे नेला.